'क्वाटरमास अँड द पिट' ही ब्रिटिश विज्ञानकथा: मालिका पाहावी की चित्रपट?

दोन्हींची पटकथा लेखक नायजेल नीलचीच, त्यामुळे कथानकाचा सांगाडा एकच आहे: लंडनमध्ये खोदकामात आदिमानवाच्या कवट्या, मग न फुटलेला बॉम्ब वाटावा असं काहीतरी.

वेळ: बीबीसीची मालिका (डिसेंबर १९५८ ते जानेवारी १९५९) सहा भागांची, सुमारे साडेतीन तासांची. हॅमर या ब्रिटिश चित्रपट कंपनीचा १९६७ चा चित्रपट ९७ मिनिटांत आटोपतो. काटछाट जाणवते ती तपासात. मालिकेत लष्कराचा बॉम्बचा आग्रह आणि शास्त्रज्ञांचा संशय भागागणिक चिघळत जातो. खोदकामाची जागा मालिकेत बांधकामाची आहे, चित्रपटात भुयारी रेल्वेचं स्टेशन आणि शोध भराभर लागतात.

चित्र: मालिका कृष्णधवल. बराचसा भाग स्टुडिओतून थेट प्रक्षेपित झाला, आधी फिल्मवर चित्रित केलेले तुकडे मध्ये जोडले. त्यामुळे फिल्मवरचं दृश्य संपून स्टुडिओ आला की चित्राचा पोत बदलतो. दोष तुमच्या टीव्हीत शोधू नका. चित्रपट रंगीत आणि एकसंध. पण कथेत पुढे येणाऱ्या मंगळावरच्या कीटकांच्या कत्तलीचं दृश्य त्यातही बाहुल्यांचा खेळच वाटतं; रंगांमुळे उलट जास्त उघडं पडतं.

अभिनय: नायक शास्त्रज्ञ प्रा. क्वाटरमास. मालिकेतला आंद्रे मोरेलचा संयत, चित्रपटातला अँड्र्यू कीरचा चिडका. मोरेल सरस.

शेवट: मालिकेत क्वाटरमासचं भाषण, चित्रपटात शब्दही नाही. इथे चित्रपट जिंकतो.

एकच संध्याकाळ मोकळी असेल किंवा कृष्णधवल चित्राचा कंटाळा येत असेल, तर चित्रपट. लेखन आणि थेट प्रक्षेपणाचं तंत्र अभ्यासायचं असेल तर मालिका, रोज एकच भाग.