महिन्याचा किराणा: कोपऱ्यावरचं दुकान, मॉल की इतवारी?

नागपुरात पगारावर घर चालवणाऱ्या माणसाला महिन्याचा किराणा भरायला तीन वाटा आहेत. कोपऱ्यावरच्या दुकानात खातं, रिंग रोडकडचा मॉल, नाहीतर इतवारीच्या घाऊक बाजारातली किराणा ओळ. रेशनची चौथी वाट आहे, पण शहरात प्राधान्य कुटुंब म्हणून यादीत यायचं तर वर्षाचं उत्पन्न 59 हजारांच्या आत लागतं. म्हणजे महिन्याला पाच हजारसुद्धा नाही. घरात एक बारीकशी नोकरी असली तरी माणूस तिथून बाहेर पडतो, आणि मग डाळ कितीलाही जावो, ती त्याने विकतच आणायची.

आमच्या घरी आई-बाबा धरून पाच जण. तिन्ही वाटांनी जाऊन झालंय, अजूनही थोडाफार जातो. दूध आणि भाजी मी ह्यात धरलेली नाही. भाजीचा हिशोबच वेगळा. सक्करदऱ्याचा बुधवार बाजार उठता उठता गाठला तर आलू-कांद्याचा भाव आपसूक खाली येतो आणि सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी वरून मिळते. इथे बोलतोय ते डाळ, तांदूळ, गहू, तेल, साखर, तिखट ह्यांच्याबद्दल. घर ह्यांच्यावरच चालतं आणि हात आखडतो तोही इथेच.

आधी कोपऱ्यावरचं दुकान. त्याचे फायदे सांगत बसत नाही, सगळ्यांना ठाऊक आहेत. पाव किलो मागा, पाव किलो देतो. पोरगं पाठवलं तरी चालतं. पगार लांबला तर खातं लांबतं. नागपुरातली किती घरं ह्या खात्यांवर तगली आहेत ते त्या दुकानदारांनाच माहीत. हे सगळं असूनही माझं मन तिथून उडालं, आणि कारण भाव नव्हता.

कारण ती वही. खात्याच्या वहीत काय लिहिलेलं असतं? ‘किराणा 640’. दोन दिवसांनी ‘डाळ, तेल 410’. मग ‘किरकोळ 85’. डाळ किती, कोणत्या भावाने, तेल कोणतं, काही नाही. महिना संपला की खाली एक बेरीज. सगळं स्वस्त होतं तोवर हे चालून गेलं. पण बेरीज दर महिन्याला थोडी थोडी फुगायला लागली तेव्हा घरात रोज एकच विषय. बायको म्हणे भाव वाढलेत, मी म्हणे पाहुणे फार झाले, आई म्हणे पोरं तेलकट फार मागतात. कोणाचं खरं, ते त्या वहीवरून ठरवता येईना. डाळ महागली असेल तर चार दिवस मुंगाची करता येते, तेल महागलं असेल तर तळण बंद ठेवता येतं. पण नेमकं काय महागलं तेच कळत नसेल तर माणूस सगळ्यावरच कात्री चालवतो, आणि आधी पोरांच्या शेंगदाण्यावर चालवतो.

भाव विचारायचा होता ना, असं तुम्ही म्हणाल. उधारीच्या माणसाला भाव विचारायची चोरी असते. विचारला की दुकानदार रागावत नाही, उलट गोड बोलतो, ‘भाऊ, वरूनच वाढून येऊन राहिलं, मी काय करू?’ तोही खोटं बोलत नाही. त्याचा माल बहुतेक इतवारीतूनच येतो, वर त्याची गाडी, त्याचं भाडं, आणि आपल्यासारख्यांकडे अडकलेला पैसा. आपल्या उधारीचं व्याज तो कुठूनतरी काढणारच. त्याच्या जागी मी असतो तर मीही काढलं असतं. पण ते व्याज किती, हेही त्या ‘किराणा 640’ मध्येच दडलेलं. मला ह्याचाच त्रास झाला. दुसऱ्या कोणाला होणार नाही कदाचित.

ह्या हिशोबाने मॉल बरा वाटायला हवा. छापील बिल, प्रत्येक वस्तू वेगळी, प्रत्येक आकडा समोर. सुरुवातीला वाटलाही. पण तिथे भाव लपायची जागा बिलात नसते, पाकिटात असते.

तेलाच्या फळीपुढे उभे राहा. एकाच उंचीच्या, एकाच रंगाच्या पिशव्या. सोयाबीन तेलाची एक लिटरची पिशवी साधारण 910 ग्रॅमची असते. शेजारच्या पिशवीवर बारीक अक्षरात 850 ग्रॅम, त्यापलीकडच्या एखादीवर 750. समजा 910 ग्रॅमवाली 142 रुपयांना आहे आणि 850वाली 135 रुपयांना. हात आपोआप 135 कडे जातो. किलोवर आणून बघा: पहिली 156 रुपये किलो पडते, दुसरी जवळजवळ 159. स्वस्त दिसणारी महाग निघाली. पाकिटावर एककामागची किंमत छापावी लागते हे खरं, पण ती वाचायला बाबांचा चष्मा आणावा लागतो, आणि मागून कोणाची तरी ट्रॉली टाचेला लागत असते.

तेलाच्या भावाचं एक बरं की तो का हलतो ते पेपरात येतं. सप्टेंबर 2024 मध्ये सरकारने कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून 20 टक्क्यांवर नेलं, आणि मे 2025 संपता संपता ते 10 टक्क्यांवर आणलं. चढताना भाव आपल्याला आठवड्यात भेटला. उतरताना तो कुठे भेटला ते मला तरी पिशव्यांच्या त्या गर्दीत दिसलं नाही. 910 चं 850 झालं असेल तर उतरलेला भाव दिसणार कसा?

डाळीच्या पाकिटाचीही तीच गत. छापील किंमत एक, विकायची किंमत भलतीच, आणि बिलाच्या तळाशी ‘आपण वाचवले’ म्हणून एक आकडा. त्या छापील किमतीला डाळ नागपुरात कोणीच घेत नाही. मग वाचवले कोणापासून?

तरी मॉलवर फुली मारू नका. 22 सप्टेंबर 2025 पासून साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल, बिस्किटं ह्यांच्यावरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 वर आला, तूप-लोण्यावरचा 12 वरून 5 वर. असल्या बंद डब्याच्या, एकाच वजनाच्या वस्तू मॉलमध्ये स्वस्तच मिळतात, त्यात वाद नाही. आम्ही दोन-तीन महिन्यांचं तेवढंच तिथून उचलतो, आणि पोरांना घरी ठेवून जातो.

दहा मिनिटांत दारात आणून देणारी ॲपं मी तुलनेत धरत नाही. रात्री नऊला साखर संपली तर ती ठीक. महिना त्यांच्यावर काढायचा तर कमी रकमेच्या सामानावर लागणारा पोचवायचा आकार मधल्यामध्ये जिरा-मोहरीचे पैसे खाऊन टाकतो.

आता इतवारी. मी मानेवाड्याकडून जातो, म्हणजे जवळ नाही. चितार ओळीपर्यंत मेट्रो आहे, पण डाळ-तांदळाचं ओझं घेऊन मेट्रोचे जिने कोण चढणार, गाडीच काढावी लागते. गाडी लावायला जागा नाही, दुपारी हातगाड्या आणि टेम्पो अडकले की दहा पावलं टाकायला दहा मिनिटं जातात, आणि उन्हाळ्यात तर विचारूच नका. इतकं असून मी जातो ते एका पुठ्ठ्याच्या तुकड्यासाठी. पोत्यातल्या डाळीत खोचलेला पुठ्ठा, त्यावर खडूने किलोचा भाव.

तूर डाळ एक नसते हे मला तिथे कळलं. फटका बेस्ट, फटका मीडियम, सवा नंबर, गावरानी, अशा शेजारी शेजारी राशी आणि प्रत्येकीचा भाव वेगळा. मुठीत घेऊन बघता येतं, एखादा दाणा दाताखाली धरता येतो. आमच्याकडे रोजच्या वरणाला मीडियम चालते, सणाला बेस्ट. किलोमागे त्यात बरा फरक पडतो, आणि वरण शिजल्यावर आईखेरीज कोणाला ओळखू येत नाही. कोपऱ्यावर ही निवडच नव्हती. तिथे होती फक्त ‘तूर डाळ’. तांदळाचंही तसंच. एचएमटी, श्रीराम, चिन्नोर, प्रत्येकाचा जुना आणि नवा वेगळा. एचएमटी तर आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे ह्यांनी शोधलेला वाण. त्याला जास्त पैसे मोजावे लागले तरी मला फारसं वाईट वाटत नाही.

तांदळाच्या कट्ट्यांची एक गंमत आहे. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या छापील, बंद पाकिटातल्या धान्य-डाळींवर 5 टक्के जीएसटी आला. 25 च्या वर नाही, आणि पोत्यातून सुटं मोजून दिलं तर मुळीच नाही. तेव्हापासून 26 किलोचे कट्टे दिसायला लागले. 50 रुपये किलोचा तांदूळ धरला तर 26 किलोला 1300 रुपये होतात, आणि त्यावरचे 5 टक्के म्हणजे 65. एका किलोहून जास्त तांदूळ. आम्ही आणि वरच्या मजल्यावरचे काका मिळून एक कट्टा आणतो आणि जिन्यातच काट्यावर अर्धा करतो.

सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे तिथली कच्ची चिठ्ठी. डाळ, पाच किलो, गुणिले भाव, बरोबर रक्कम. साखर, गहू, तशाच ओळी. तेलाच्या डब्याला मात्र आपणच विचारायचं, ‘किलो का है या लिटर का?’ कारण 15 किलोचा डबा आणि 15 लिटरचा डबा ह्यांत साधारण एक किलो 350 ग्रॅमचा फरक असतो. व्यापारी मान वर न करता सांगतो, ‘लिटर का है भाऊ, किलोवाला उधर रखा है।’ विचारलं की सरळ उत्तर मिळतं, आणि विचारायची चोरी नाही, कारण पैसे रोख आहेत. त्या चिठ्ठ्या बायको तारेला अडकवून ठेवते. आता बेरीज वाढली की तार खाली काढायची, दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवायच्या. तूर वाढली, साखर जागेवर आहे, तेल थोडं उतरलं. घरातला विषय पाच मिनिटांत संपतो. पैसे नेमके किती वाचतात ते मी मोजलेलं नाही. पूर्वी पंचवीस तारखेच्या सुमारास फोडणीचं तेल चमच्याने मोजावं लागायचं. ते आता होत नाही, एवढं सांगू शकतो.

अडचणी आहेत, लपवत नाही. इतवारीत उधारी नाही, म्हणजे पगाराच्या आठवड्यात एकदम मोठी रक्कम हातची जाते. ते जमायला आम्हाला आधी जुनं खातं फेडावं लागलं आणि त्यात एक दिवाळी फिकी गेली. पाव-अर्धा किलोला तिथे कोणी हिंग लावून विचारत नाही. पावसाळ्यात पाच किलो डाळ सांभाळायची म्हणजे एरंडेल चोळा, कडुनिंबाचा पाला घाला, नाहीतर पोरकिडे घरातल्यांच्या आधी जेवतात. ज्याची कमाई रोजची किंवा हप्त्याची आहे, ज्याच्याकडे गाडी नाही, किंवा घरात दोनच म्हातारी माणसं आहेत, त्याला मी इतवारीला जा म्हणणार नाही. त्याने कोपऱ्यावरच राहावं, फक्त वहीत वजन आणि भाव लिहून द्या म्हणून सांगावं. सांगायला जड जातं, पण काही दुकानदार लिहितात.

आमचा कोपऱ्यावरचा दुकानदार अजून आमचाच आहे. मधे लागणारा गूळ, पोहे, काडेपेटी रोखीने त्याच्याकडूनच येते. पहिले काही महिने तो विचारायचा, ‘काय भाऊ, डाळ नाही नेत आजकाल?’ मी हसून वेळ मारून न्यायचो. आता विचारत नाही.

पगारदार असाल, घरात चार-पाच ताटं असतील आणि एखादा शेजारी कट्टा वाटून घ्यायला तयार असेल, तर एकदा किराणा ओळ करून बघायला हरकत नाही, असं आपलं माझं मत. पहिल्या खेपेला सगळी यादी नेऊ नका, फक्त डाळ आणि तांदूळ. सकाळी दुकानं उघडतात तेव्हा जा, दोन मजबूत पिशव्या आणि सुटे पैसे जवळ ठेवा. चार दुकानांचा पुठ्ठा वाचल्याशिवाय पिशवी उघडू नका. तुरीचा मोठा साठा करायची घाई नको. विदर्भातली नवी तूर जानेवारी ते मार्चमध्ये बाजारात येते, तोवर महिन्यापुरतीच घ्या. वर्षाच्या तिखटाची मिरचीही तेव्हाच बघा. भिवापुरी मिळाली तर थोडी त्यातली घ्या, आणि देठं घरी खुडायची तयारी असेल तर देठासकटची, ती स्वस्त पडते.