पिकअपच्या ऑटोमॅटिक गियरचा गचका: दुरुस्तीनंतर सात महिने, अकरा हजार किलोमीटर

सकाळी थंड गाडी काढली की दुसऱ्यातून तिसऱ्याला जाताना गचका बसायचा. पुढं कोल्हापुरात कावळा नाक्याच्या सिग्नलला थांबलो की आणखी एक दणका, तो मात्र मागून. पहिल्यांदा बसला तेव्हा मागच्या सीटवरची आई वळून काचेतून बघायला लागली, "मागनं कोण धडकलं काय रं?" मलाही आधी तसंच वाटलं होतं.

गाडी डबल कॅबिन डिझेल पिकअप, फोर बाय फोर, सहा गियरची टॉर्क कन्व्हर्टरवाली (इंजिनची ताकद ऑइलमधून गियरबॉक्सला देणारी) ऑटोमॅटिक. बासष्ट हजार किलोमीटर पळालेली, सेकंडहँड घेतली. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे क्लच दाबणं जमत नाही आणि कामाला तर पिकअपच लागते. उद्यमनगरात आमचं पॅटर्नचं, म्हणजे ओतकामाच्या साच्यांसाठी लागणाऱ्या नमुन्यांचं काम आहे. पॅटर्न शिरोलीच्या फाउंड्रीत पोचवायचे, तिथून कास्टिंग उचलून गोकुळ शिरगावला मशीनिंगला टाकायचं. तीन-चारशे किलो माल रोजचाच. महिन्यातून दोनदा गगनबावड्याला शेतावर.

गचका सुरू झाल्यावर दोन ठिकाणी दाखवली. एका ठिकाणी एक फेरी मारून लगेच निकाल दिला: गियरबॉक्स उतरवावा लागेल, दीड-दोन लाख धरून चला. दुसऱ्या ठिकाणी गाडी घाटातून आली तशी गरमच रॅम्पवर घेतली, इंजिन बंद केलं आणि गियर ऑइलच्या लेव्हलचा बोल्ट खोलला. भसाभस लिटरभर ऑइल बाहेर आलं. "जास्त भरलं होतं, म्हणून गचके देत होती," असं सांगून बोल्ट परत आवळला. त्यानंतर गाडी आणखी बिघडली. गगनबावड्याच्या वळणांवर ॲक्सिलरेटर दिला की क्षणभर काहीच व्हायचं नाही, इंजिन नुसतं ओरडायचं आणि मग एकदम हिसका.

तेव्हा ठरवलं की आता कुणालाही गाडी खोलू द्यायची नाही, आधी दुखणं नीट लिहून काढायचं. पॅटर्नच्या धंद्यात माप घेतल्याशिवाय रंधा चालवत नाहीत. पंधराशे रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर घेतला, तो स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये बसतो. माझ्या गाडीत मोबाईलच्या ॲपवर गियर ऑइलचं तापमान, चालू गियर आणि इंजिनचे आरपीएम दिसतात. स्वस्तातला कुठलाही स्कॅनर गियरबॉक्सचा डेटा दाखवेलच असं नाही, तेवढं घेताना विचारून घ्या. आठ दिवस वहीत लिहीत गेलो: कुठला गियर, ऑइल किती गरम, पायाचा दाब किती, माल होता की रिकामी.

वही वाचल्यावर कळलं की गचका एक नव्हता, दोन वेगळी दुखणी एकावर एक चढली होती. दुसऱ्या-तिसऱ्याचा गचका ऑइलच्या तापमानाप्रमाणे आणि पायाच्या दाबाप्रमाणे बदलत होता. थांबल्यावरचा दणका मात्र ऑइल थंड असो की गरम, तसाच. मग रविवारी पहाटे मोकळ्या रस्त्यावर हळू वेगात गाडी न्यूट्रल केली आणि नुसत्या ब्रेकवर थांबवली. दणका बसलाच! न्यूट्रलमध्ये गियरबॉक्स चाकांना ताकद देतच नाही, मग हा दणका गियर बदलण्याचा कसा असेल? दीड-दोन लाखांच्या अंदाजात हाही दणका धरला होता, याचा मला आजही राग येतो.

तो होता प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे गियरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या लांब दांड्याचा. पिकअपला मागं पाटे (लीफ स्प्रिंग) असतात. ब्रेक मारला की ॲक्सल किंचित पिळला जातो आणि गाडी थांबली की परत जागेवर येतो. त्या हालचालीबरोबर शाफ्टचा सरकता सांधा आत-बाहेर व्हायला पाहिजे. आतल्या खाचांचं ग्रीस वाळलं की तो अडकून बसतो आणि मग एकदम सुटतो. चाकांना दगड लावून, गाडी न्यूट्रलला ठेवून खाली शिरलो आणि शाफ्ट हातानं पिळून बघितला. क्रॉसमध्ये, म्हणजे शाफ्टच्या वळत्या सांध्यांत, ढिलाई नव्हती. सांध्यावरचा ग्रीसचा निप्पल मात्र मातीनं इतका बुजलेला की बोटानं खरवडल्यावर दिसला. ग्रीस गनचे चार दाब दिले, तसं कडेनं आधी काळपट, घट्ट ग्रीस आलं आणि मग नवीन. खर्च शंभराच्या आत. दणका त्याच दिवशी थांबला. आता दर पाच हजाराला ग्रीस मारतो, पावसाळ्यात त्याही आधी.

राहिला खरा गियरचा गचका. तो एका जाणत्या फिटरकडे नेला. वय साठीच्या पुढं, सगळे त्यांना मामा म्हणतात. मामांनी गाडीऐवजी आधी वही मागितली. मग रॅम्पवर गाडी चारी बाजूंनी पातळीत घेतली, इंजिन चालू ठेवलं, ब्रेक दाबून पी ते डी सगळ्या जागांवर लिव्हर दोन-तीन सेकंद थांबवत फिरवला आणि स्कॅनरवर ऑइल चाळीस अंशांला यायची वाट बघितली. माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये ३५ ते ४५ अंश दिलंय, तुमच्या गाडीचं वेगळं असेल. मग लेव्हलचा बोल्ट खोलला. एक थेंबही आला नाही. नवीन ऑइल पंपानं भरत गेलो तेव्हा लिटरभर आत गेल्यावर कुठं बारीक धार लागली; तीच बरोबर लेव्हलची खूण.

म्हणजे आधीच्या ठिकाणी जास्तीचं ऑइल निघालंच नव्हतं. इंजिन बंद केलं की पंप थांबतो आणि वरचं ऑइल खाली चेंबरमध्ये, म्हणजे गियरबॉक्सच्या तळाच्या टाकीत उतरतं, शिवाय गरम ऑइल फुगलेलं असतं. त्या वेळी बोल्ट खोलला तर गरजेचं ऑइलच वाहून जाणार. मग घाटात, वळणावर ऑइल एका बाजूला सरकलं की पंप हवा ओढतो, ऑइलला फेस येतो, प्रेशर पडतं आणि गियरबॉक्सच्या आतल्या क्लच प्लेटा (गियर बदलताना याच पकडतात-सोडतात) वेळेवर पकडत नाहीत. ते इंजिनचं ओरडणं तिथून आलेलं. लेव्हल बघताना इंजिन चालू पाहिजे, गाडी पातळीत पाहिजे आणि ऑइल ठरलेल्या तापमानाला पाहिजे. या तिन्ही गोष्टी करत नसतील तर तिथं बोल्टला पाना लावू देऊ नका.

जुनं ऑइल तपकिरी झालं होतं, पण जळका वास नव्हता. चेंबर उतरवून आतले लोहचुंबक बघितले. त्यांच्यावर करड्या रंगाची, काजळासारखी मऊ पेस्ट होती. मामांनी ती अंगठ्यावर घेऊन चोळली आणि माझ्या अंगठ्यावरही लावली. खरखर लागली नाही, चकाकणारा कणही नाही. अशी पेस्ट नेहमीच्या झिजेची. धातूच्या चकत्या किंवा किसासारखे तुकडे असते तर गियरबॉक्स उतरवावाच लागला असता, असं तेच म्हणाले. त्या अंगठाभर पेस्टनं माझी महिनाभराची झोप परत दिली.

फिल्टर बदलला, मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच सिंथेटिक ऑइल भरलं. ग्रेडमध्ये तडजोड करू नका आणि बाटलीतून मिळणारी औषधं तर मुळीच घालू नका. प्लेटांनी किती सरकायचं आणि किती पकडायचं हे त्या ऑइलवरच ठरतं. एका वेळी चेंबरमधून साधारण चारच लिटर निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरमध्ये राहतं. म्हणून पाचशे किलोमीटरवर पुन्हा तेवढंच बदललं. मशीननं सगळं एकदम बदलता येतं, पण जुन्या गियरबॉक्सला हे सावकाश बदलणं मला जास्त पटलं. इंजिनात किती हवा जाते ते मोजणारा सेन्सरही त्याच्या स्प्रेनं साफ केला. इंजिन किती जोर लावतंय याचा अंदाज चुकला तर गियरबॉक्स प्रेशरही चुकीचं लावतो. इंजिन-गियरबॉक्स ज्यांच्यावर बसतात ते फाउंडेशनचे रबर ठीक होते.

शेवटचा भाग ट्यूनिंगचा. प्रत्येक क्लच भरायला किती वेळ लागतो हे गियरबॉक्सचा कॉम्प्युटर शिकत जातो आणि त्याप्रमाणे प्रेशर लावतो. आमच्या कॉम्प्युटरनं कमी आणि थकलेल्या ऑइलवर सगळं शिकून ठेवलेलं. मामांनी मोठ्या स्कॅनरवरून ती जुनी शिकवण पुसली. पहिले साठ-सत्तर किलोमीटर गाडी आधीपेक्षा वाईट चालली, तेव्हा घाबरू नका. पहाटे साडेपाचला कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत गेलो, रस्ते रुंद आणि मोकळे. ऑइल गरम झाल्यावर हलक्या, एकसारख्या पायानं पहिल्यापासून पाचव्यापर्यंत न्यायचं, मग पाय काढून जवळजवळ नुसतीच घरंगळत येऊ द्यायची आणि अलगद ब्रेकनं थांबवायचं. पंधरा वेळा केलं. दहाव्या फेरीपासून दुसऱ्या-तिसऱ्याचा गचका फक्त आरपीएमच्या काट्यावर दिसत होता, अंगाला लागत नव्हता.

सात महिन्यांत गाळप हंगामही निघाला. शिरोलीच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांमागं पहिल्या-दुसऱ्यात तासन् तास रांगावं लागलं. गियरबॉक्सला सगळ्यात जास्त त्रास तिथंच होतो. ऑइल पंच्याण्णव अंशांपर्यंत गेलं, पण गचका परतला नाही. भुईबावडा घाट उतरताना मॅन्युअल मोडला तिसऱ्यात ठेवतो, म्हणजे गाडी सारखी वर-खाली गियर बदलत बसत नाही आणि ब्रेकही वाचतात.

पूर्ण निर्दोष झाली असं मात्र म्हणणार नाही. डिसेंबरातल्या थंड सकाळी पहिली पाच-सात मिनिटं दुसरा-तिसरा अजून जरा कडक पडतो. ऑइल पन्नास अंशांवर गेलं की जातो. मामांना एका सोलेनॉइडची (ऑइलचं प्रेशर सोडणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) थोडी शंका आहे, पण स्कॅनरवर प्रॉब्लेम कोड येत नाही तोवर ते ज्यात बसतात त्या व्हॉल्व्ह बॉडीला हात लावायचा नाही, असं दोघांनी मिळून ठरवलंय. पुढचं ऑइल चाळीस हजारांनी. कंपनीनं "आयुष्यभराचं" म्हटलेलं असलं तरी घाट आणि माल दोन्ही असताना त्या शब्दावर मी विसंबणार नाही. वही डॅशबोर्डमध्येच आहे, थंड सकाळचं तापमान अजून लिहितोय.