सुएड तळाचे डान्स शूज: कधी घ्यावेत, कसे निवडावेत

साल्सा, बचाटा किंवा बॉलरूम असे जोडीचे नाच शिकताना सुरुवातीला सुएडच्या, म्हणजे लव असलेल्या मऊ चामड्याच्या तळाचे शूज नसले तरी अडत नाही. गुळगुळीत तळाचे, पायात नीट बसणारे कुठलेही बूट चालतात. गिरक्या सुरू झाल्या की फरक कळतो. रबरी तळ जमीन धरून ठेवतो, अंग फिरतं, पाऊल फिरत नाही आणि पीळ गुडघ्यावर येतो. सुएड हवा तेवढा घसरतो आणि थांबायचं तिथे थांबतोही.

माप रोजच्या बुटांपेक्षा घट्टच घ्या, चामडं वापराने सैल होतं. टाच? साल्सासारख्या लॅटिन नाचांच्या बायकांच्या शूजना अडीच इंचांची टाच सर्रास दिसते, पण नवशिक्यांनी दीड-दोन इंचांची, खाली रुंद होणारी घ्यावी. बारीक टाचेवर सगळं लक्ष तोल सांभाळण्यात जातं आणि जोडीदाराचा इशारा निसटतो.

खरी कटकट देखभालीची. धूळ आणि मेण बसून तळ चकचकीत झाला की पाय सटकतात. मग तारेच्या ब्रशने हलक्या हाताने घासून लव उभी करायची. ओल अजिबात नको, म्हणून हे शूज हॉलमध्येच घालायचे, रस्त्यावर नाही. बारीक टाच असेल तर प्लास्टिकची टोपी लावाच. फ्लोअरवर ओरखडे उठत नाहीत आणि गर्दीत मागे टाकलेलं पाऊल कुणाच्या पायावर पडलंच, तर इजा कमी होते. (माफी तरीही मागायचीच, चूक कोणाचीही असो.)