काकांचं विंडोज ७ : व्हर्च्युअलबॉक्स की केव्हीएम?

इंदूरला रामबागेत काकांकडे डेस्कटॉपवर लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकून दिली, तर पोह्यांची बशी पुढे सरकवत ते म्हणाले, "अरे, पण माझा हिशेबाचा जुना प्रोग्राम?" तो फक्त विंडोज ७ वर चालतो. म्हणजे व्हर्च्युअल मशीन, लिनक्सच्या आत चालणारा आभासी संगणक, आलंच. ते चालवायला दोन पर्याय : व्हर्च्युअलबॉक्स आणि केव्हीएम.

आधी केव्हीएम घेतलं. २००७ पासून ते लिनक्सच्या कर्नलमध्येच (गाभ्यातच) आहे, वेगळं मोड्यूल (कर्नलला जोडायचा भाग) लागत नाही, नि चालतंही झकास. पण विंडोजचा इन्स्टॉलर म्हणे डिस्कच नाही! चूक माझीच : डिस्क व्हर्टिओ (खास व्हर्च्युअल मशीनसाठीच्या) प्रकारची ठेवली होती आणि तिचा ड्रायव्हर विंडोज ७ कडे नसतो. साटा (नेहमीच्या डिस्कसारखी) केली, लगेच दिसली.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये ही भानगड नाही. गेस्ट अ‍ॅडिशन्स (आतल्या विंडोजमध्ये टाकायचे व्हर्च्युअलबॉक्सचे जोडप्रोग्राम) टाकले की लिनक्सचा शेअर्ड फोल्डर विंडोजमध्ये ड्राइव्हसारखा दिसतो. काकांना रोज पीडीएफ बाहेर काढायची असते, त्यामुळे माझ्या लेखी इथेच निकाल लागला. केव्हीएमवर विंडोजसाठी हेच करायला बरीच खटपट पडते. उलट व्हर्च्युअलबॉक्सचं मोड्यूल कर्नल बदलला की पुन्हा बांधावं लागतं. बहुतेकदा आपोआप होतं, नाही झालं तर काकांचा फोन ठरलेला.

स्नॅपशॉट (मशीनची आत्ताची स्थिती जपून नंतर तिथे परतायची सोय) दोन्हीकडे आहेत. बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन चालू हवं, तेही दोन्हीकडे. रॅम ८ जीबी, त्यातली २ विंडोजला दिली. २०२० पासून त्याला सुरक्षा अपडेट नाहीत, म्हणून त्याचं नेटवर्क कार्डच काढून टाकलं.

माझ्या स्वतःच्या मशीनवर मात्र केव्हीएमच.