मॉडेलचं रेखाटन: कंपासपेटीनं काढावं की कॉम्प्युटरवर?

कार्डशीटमधून बीबी का मकबऱ्याचा मनोरा, दौलताबादचा चांद मिनार, नळदुर्गाचा बुरूज किंवा आपल्या गावातलं धाब्याचं घर करायचं म्हटलं की कटर हातात घेण्याआधी प्रत्येक भाग सपाट कागदावर उलगडून काढावा लागतो. शाळेत यालाच आपण घडण म्हणायचो. हे काम ड्रॉइंग बोर्डवर करायचं की कॉम्प्युटरवर, यावर नवखे लोक फार अडून बसतात. आमचं मत आधीच सांगतो. कार्डशीटचं एकच मॉडेल असेल तर हातानं काढा. तोच भाग चार-आठ वेळा लागणार असेल किंवा लेझरवर कापून घ्यायचा असेल तर कॉम्प्युटरकडे वळा. गणित दोन्हीकडे सारखंच लागतं आणि ते दहावीच्या महत्त्वमापनाच्या पुढे फारसं जात नाही.

माप आणि प्रमाण

चांद मिनार सुमारे ६४ मीटर उंच आहे. १:१०० ला तो ६४ सेंमी होतो आणि दिवाणखान्यात ठेवायला जागा उरत नाही. १:२०० ला ३२ सेंमी होतो, तो ए-४ कागदाच्या दोन तुकड्यांत बसतो. घरांचं गणित वेगळं. आपल्याकडे घराची मापं फुटांत सांगतात, त्यामुळे हातानं काढणाऱ्यानं १:५० पेक्षा १:४८ घ्यावं. एका फुटाला पाव इंच, म्हणजे दहा फुटांची खोली अडीच इंच. मोजपट्टीच्या इंचाच्या बाजूनं थेट काढता येतं, कॅल्क्युलेटर लागत नाही. कॉम्प्युटरला प्रमाण कोणतंही चालतं, इथे त्याचं पारडं जड आहे.

न चढता उंची मोजायची तर ४५ अंशाचा गुण्या धरून त्याच्या तिरक्या कडेच्या रेषेत शेंडा दिसेपर्यंत मागे सरकायचं, मग पायथ्यापर्यंतचं अंतर अधिक आपल्या डोळ्याची उंची म्हणजे मनोऱ्याची उंची, ही त्रिकोणमितीतली युक्ती चालते. पण ३० मीटरवर उभं राहून कोनात एक अंशाची चूक झाली तर उंचीत सुमारे एक मीटरचा फरक पडतो, १:१०० च्या मॉडेलवर १० मिमी. पुढचं रेखाटन कितीही सुबक असो, ही चूक तशीच राहते.

निमुळता मनोरा: खरी परीक्षा इथे

समजा मनोऱ्याचा खालचा व्यास ६० मिमी, वरचा ४० आणि उंची २४० हवी. हा शंकुछेद, म्हणजे शेंडा कापलेला शंकू. त्रिज्या ३० आणि २०, त्यांतला फरक १०. पायथागोरसनं तिरकस उंची २४०.२ मिमी येते. शंकू शेंड्यापर्यंत पुरा केला असं धरून मोठी त्रिज्या काढायची: २४०.२ × ३० ÷ १० = ७२०.६ मिमी. लहान त्रिज्या ४८०.४. कोन ३६० × ३० ÷ ७२०.६, म्हणजे जवळजवळ १५ अंश. थोडक्यात, घडण म्हणजे १५ अंशाच्या वर्तुळपाकळीचा २४० मिमी रुंदीचा पट्टा. खालचा कंस १८८.५ मिमी, वरचा १२५.७.

पुष्कळ जण कंसाच्या भानगडीत न पडता सरळ समलंब चौकोन कापतात. गुंडाळल्यावर मनोरा जोडाच्या बाजूला टेकतो आणि समोरची बाजू ६ मिमी अधांतरी राहते. मग खालून घासून घासून तो सरळ करत बसतात.

हातानं काढताना अडचण त्रिज्येची. शाळेच्या कंपासानं ७२ सेंमीचा कंस निघत नाही. पाऊण मीटरपेक्षा थोडी लांब लाकडी पट्टी घ्या. एका टोकाला खिळा, तिथून ४८०.४ आणि ७२०.६ मिमीवर पेन्सिलची शिसं जाईल एवढी भोकं. केंद्र कागदाबाहेर जमिनीवर येतं, तिथे पुठ्ठा ठेवून खिळा रोवा. सुतळीनं हे करू नका. ती ताणते आणि दोन कंसांतलं अंतर सगळीकडे सारखं राहत नाही. पट्टी नसेल तर जीवा आणि फुगवटा काढा. खाली १८८.१ मिमीची जीवा आणि तिच्या मध्यावर ६.२ मिमी फुगवटा, वर १२५.४ ची जीवा आणि ४.१ फुगवटा. तीन बिंदूंतून लवचीक प्लॅस्टिकची पट्टी वाकवून रेघ मारली की काम झालं. मनोरा कमी निमुळता असेल, समजा त्रिज्या ३० वरून २८ वर येत असेल, तर मोठी त्रिज्या साडेतीन मीटरच्या वर जाते. तेव्हा जीवेशिवाय गत्यंतर नाही.

लिब्रेकॅडमध्ये, हे रेखाटनाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, हेच काम चार ओळींचं: एकाच केंद्रावरून दोन कंस, दोन्ही ८२.५ ते ९७.५ अंश म्हणजे आकृती कागदावर सरळ उभी राहते, आणि टोकं जोडणाऱ्या दोन रेघा. चिकटवायची ८ मिमीची पट्टी धरूनही सगळं ए-४ वर बसतं. मकबऱ्याच्या चारही कोपऱ्यांना मनोरे आहेत. कॉम्प्युटरवर एक काढला की चार छापले. खालचा व्यास ६४ करावासा वाटला तर आकडे बदलायचे. बोर्डवर अख्खा कागद नव्यानं घ्यावा लागतो.

अष्टकोन आणि घुमट

समोरासमोरच्या बाजूंत ५० मिमी अंतर असलेल्या अष्टकोनी खांबाची एक बाजू ५० × ०.४१४२, म्हणजे २०.७ मिमी. घडीच्या रेघा मारताना दर वेळी मागच्या रेघेपासून २०.७ मोजलं आणि प्रत्येक वेळी ०.३ चुकलं, तर आठव्या बाजूला २.४ मिमीची फट पडते. हातानं काढताना १६५.७ मिमीची एकच रेघ घ्या. तिच्या टोकापासून तिरकी १६ सेंमीची रेघ काढून तिच्यावर दर दोन सेंमीला खूण करा. शेवटची खूण पहिल्या रेघेच्या दुसऱ्या टोकाला जोडा आणि दोन गुण्यांनी तिला समांतर रेघा बाकीच्या खुणांवरून सरकवत आणा. प्रमाणाच्या मूलभूत प्रमेयाचा याहून चांगला उपयोग दुसरा नाही. इथे हात कॉम्प्युटरच्या तोडीस तोड आहे.

घुमटात मात्र हात मागे पडतो. ८० मिमी व्यासाचा अर्धगोल बारा पाकळ्यांत करायचा तर प्रत्येक पाकळी तळाशी २०.९ मिमी रुंद आणि ६२.८ उंच. तळापासून २०.९ वर रुंदी १८.१, ४१.९ वर १०.५, टोकाला शून्य. मुघल घाटाचा फुगीर घुमट असेल तर बाजूचा आकार आधी काढून डिव्हायडरनं त्यावरून पाच-पाच मिमी चालत जावं आणि प्रत्येक ठिकाणच्या परिघाला बारानं भागावं. एक पाकळी हातानं छान निघते. साचा ठेवून बारा गिरवल्या की पेन्सिलच्या जाडीनं प्रत्येक अर्धा मिमी रुंद होते, बारांची मिळून ६ मिमी, आणि घुमटाचा व्यास जवळपास २ मिमीनं वाढून तो कड्यात बसत नाही. गिरवायचंच असेल तर रेघेच्या आतून कापा.

छापताना घोळ होतो

कॉम्प्युटरवाल्यांची अचूकता बहुतेक वेळा झेरॉक्सच्या दुकानात संपते. प्रिंटर ‘फिट’वर, म्हणजे पानात बसवून छापण्याच्या सेटिंगवर, असला की आकृती तीन-चार टक्के आक्रसते. १८८.५ चा कंस १८३ वर येतो, मनोरा ५८ मिमीचा होतो आणि वेगळ्या दिवशी छापलेलं कडं त्याला सैल होतं. प्रत्येक पानावर १०० मिमीची एक आडवी आणि एक उभी रेघ ठेवा, दुकानातच पट्टी लावून बघा, मगच पैसे द्या. फाइल पीडीएफ करूनच न्या. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली की मापं गेलीच, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरच्या ०.९२ आवृत्तीच्या आधीची फाइल नव्या आवृत्तीत उघडताना आकार तपासा; जुनं इंचाला ९० ठिपके धरायचं, नवं ९६ धरतं.

शिवाय ए-४ कार्डाचे तंतू कोणत्या दिशेला आहेत ते आपल्या हातात नसतं. मनोऱ्याच्या उंचीच्या दिशेनं तंतू असले तर तो गोल गुंडाळतो, आडवे असले तर चुण्या पडतात. मोठी शीट आणून हातानं काढणारा ती दोन्ही दिशांनी वाकवून बघतो आणि हवी तशी फिरवतो. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये कार्ड आधीच सुकून कडक झालेलं असतं, तेव्हा चुकीच्या दिशेची घडी सरळ तडकते.

जाड माल

कार्डशीटची जाडी ०.३ मिमीच्या आसपास, ती सोडून दिली तरी चालते. तीन मिमीच्या मालात नाही. बाहेरून १०० मिमीचा चौकोनी डबा हवा तर दोन भिंती १०० च्या आणि दोन ९४ च्या. अष्टकोनाला प्रत्येक कड साडेबावीस अंश तिरकी कापावी लागते.

एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाची दाबून केलेली शीट, लेझरवर कापून घ्यायचं असेल तर कॉम्प्युटरला पर्याय नाही. पण लेझरची रेघ स्वतःच दीड-दोन दशांश मिमी खाते, आणि ‘तीन मिमी’ म्हणून मिळणारी शीट व्हर्नियरनं मोजली तर नेमकी तीन क्वचितच भरते. आधी एका तुकड्यावर २.७, २.८, २.९ आणि ३.० मिमीच्या खाचा कापून घ्या, घट्ट बसेल ती निवडा. सनबोर्ड मात्र लेझरवर नेऊ नका. तो पीव्हीसीचा असतो. जळताना निघणारा आम्लधर्मी वायू फुप्फुसांनाही घातक आणि मशीनलाही, त्यामुळे जाणता दुकानदार तो घेतच नाही. सनबोर्ड हातानंच कापायचा आहे, तर रेखाटनही त्याच्यावरच थेट पेन्सिलनं करणं सोपं.

इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेची भूमिती दिलेल्या पोराकडे बोर्ड, गुण्ये आणि २-एचची पेन्सिल असतेच. त्यानं पहिला मनोरा हातानं करावा, लाइट गेली तरी काम थांबत नाही. ज्याला चारही मनोरे आणि मधला घुमट असा पुरा मकबरा करायचा आहे, त्यानं लिब्रेकॅड शिकायला एक आठवडा काढावा. लेझरवाल्याकडे जाताना कापायच्या रेघा लाल, घडीच्या निळ्या ठेवाव्यात आणि फाइल मिलिमीटरमध्ये आहे हे तोंडी सांगावं. इंच धरले गेले तर सगळं २५.४ पट होतं.