गावची मराठी शाळा की तालुक्याची इंग्रजी शाळा: दोन्हीकडे मुलं घालून पाहिल्यावर

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आमच्या वस्तीवर पिवळ्या व्हॅनच्या फेऱ्या सुरू होतात. तालुक्याच्या इंग्रजी शाळेचे सर पत्रकं घेऊन येतात आणि ओट्यावर बसून बोलतात. त्याच आठवड्यात झेडपीच्या शाळेचे गुरुजी दाखलपात्र मुलांची यादी घेऊन येतात. पट घसरला तर शिक्षकाचं एक पद जाईल, ही काळजी त्यांच्या बोलण्यातून लपत नाही. गेल्या दहा वर्षांत मी दोघांनाही चहा दिला आणि दोघांकडेही मूल दिलं. थोरली लेक ज्युनिअर केजीपासून पहिली संपेपर्यंत तालुक्याला होती, २०१९च्या जूनमध्ये ती गावच्या शाळेत दुसरीला आली. धाकटा पहिल्यापासून गावातच आहे. यंदा चुलतभावाच्या मुलाचं नाव घालायचं आहे. "दादा, तूच सांग," म्हणून तो दोन संध्याकाळी येऊन बसला. त्याला जे सांगितलं, तेच इथे लिहितो.

इमारत, व्हॅन, कॉम्प्युटरची खोली हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. त्यात इंग्रजी शाळा पुढे आहे, यात वाद नाही. स्वच्छतागृहात पाणी असतं, वर्ग झाडलेले असतात, व्हॅन वेळेवर दारात येते. फी, व्हॅन, गणवेश, पुस्तकं धरून मला त्या वेळी वर्षाला ३५ हजारांच्या आसपास खर्च यायचा. तो जड होता, पण निर्णय पैशावरून झाला नाही.

निर्णय झाला तो एका वहीवरून. लेक पहिलीत होती, जानेवारी असेल. तिच्या इंग्रजीच्या वहीत गायीवरची दहा वाक्यं सुंदर अक्षरात लिहिलेली होती, खाली लाल शाईत बरोबरची खूण. ती घडाघडा म्हणून दाखवत होती. मी सहज तिसऱ्या वाक्यातल्या एका शब्दावर बोट ठेवलं आणि म्हटलं, हे काय आहे? ती थांबली. मग पहिल्या वाक्यापासून म्हणत म्हणत तिसऱ्यापर्यंत आली आणि तो शब्द सापडल्यावर मला सांगितला. पोर वाचत नव्हती, पाठ म्हणत होती. मराठीचं पुस्तक पुढे ठेवलं तर तिथेही तेच. तीन वर्षं शाळेत जाऊन तिला कुठल्याच भाषेत वाचता येत नव्हतं, आणि वहीवर मात्र प्रत्येक पान बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो. फाटकावर सांगितलं, पालकांना भेट शेवटच्या शनिवारी. शनिवारी गेलो तर रांगेत तीस-चाळीस पालक, प्रत्येकाला पाच मिनिटं. बाई तरुण होत्या, बोलायला चांगल्या. त्या वर्षातल्या त्या तिसऱ्या वर्गशिक्षिका. म्हणाल्या, "पोर्शन संपवायचा असतो सर, एकेकाकडून वाचून घ्यायला वेळच मिळत नाही." मुख्याध्यापकांना विचारलं, मला एक तास वर्गात मागे बसून बघता येईल का? ते म्हणाले, हे संस्था ठरवते. संस्थेचे पदाधिकारी जिल्ह्याच्या गावी राहायचे. मला कोणाशी भांडायचं नव्हतं, फीबद्दलही तक्रार नव्हती. माझ्या मुलीला वाचायला कसं शिकवता, एवढंच बघायचं होतं. कोणी वाकडं बोललं नाही, पण तो प्रश्न कोणापुढे ठेवायचा हे शेवटपर्यंत कळलं नाही. आजही इतकी वर्षं झाली तरी त्या फाटकासमोर उभं राहिल्याचं आठवलं की मन खट्टू होतं.

नंतर कळलं की यात त्या एका शाळेचा दोष फारसा नाही, रचनाच तशी आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती सक्तीची केली, पण विनाअनुदानित शाळा त्यातून वगळल्या. २०१२च्या कायद्याने आलेल्या स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या पैशावर चालणाऱ्या शाळांना पालक-शिक्षक संघ असतो. त्याच्या कार्यकारी समितीवर पालक सोडत काढून निवडले जातात. पण ती समिती मुख्यतः २०११च्या फी नियमन कायद्यासाठी आहे. फी किती, हे विचारायला जागा आहे. पोराला वाचता का येत नाही, हे विचारायला तिथे खुर्ची नाही.

झेडपीच्या शाळेत ती खुर्ची आहे. समितीत पाऊण सदस्य पालक असतात, निम्म्या महिला, अध्यक्ष पालकांमधलाच आणि मुख्याध्यापक सचिव. लेक गावच्या शाळेत आल्यावर मी त्या समितीत बसलो. पहिल्याच बैठकीत तिच्या वाचनाचं बोललो. गुरुजींनी मान्य केलं की दुसरीतली निम्मी पोरं अडखळतात. मग रोज मधल्या सुट्टीनंतर अर्धा तास चौथीतल्या मुलांनी दुसरीतल्यांना जवळ घेऊन वाचायचं, असं ठरलं आणि इतिवृत्तात लिहिलं गेलं. महिन्याने मी विचारलं, काय झालं? उत्तर देणं त्यांना भाग होतं, आणि त्यांनी ते आनंदाने दिलं. दिवाळीनंतर लेक कुठल्याही ओळीवर बोट ठेवलं तरी वाचायला लागली. हे माझ्या एका मुलीचं सांगतोय. सगळ्यांचं तसंच होईल असं म्हणणार नाही.

आता झेडपीची दुखणी. पैसा तुटपुंजा आणि उशिरा येतो. पगार शासनाकडून होतो, त्याची शाळेला चिंता नाही. पण खडू, वीजबिल, दुरुस्ती, सफाई यासाठी 'समग्र शिक्षा' या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान असतं, ते पटावर ठरतं: ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १० हजार, ३१ ते १०० पर्यंत २५ हजार. आमचा पट तेव्हा ४३ होता. म्हणजे १३ पोरं पिवळ्या व्हॅनमध्ये बसली की शाळेचे वर्षाचे १५ हजार गेले. वस्तीवरच्या लोकांना हे गणित कोणी सांगत नाही. मी समितीत असताना बोअरची मोटर जळाली. अनुदान आलेलं नव्हतं. दोन महिने स्वच्छतागृहात पाणी नव्हतं, मोठ्या मुली मधल्या सुट्टीत घरी जायच्या. शेवटी लोकवर्गणीतून मोटर भरून घेतली. इंग्रजी शाळेत हे दोन दिवसांत झालं असतं, हे मला मान्य करावंच लागेल.

दुसरं दुखणं शिक्षकांच्या कामाचं. कायद्याने त्यांना जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढीच बिगरशैक्षणिक कामं देता येतात, पण ऑनलाइन माहित्या भरण्यात दिवस जातो ते वेगळंच. ६० पर्यंत पटाला दोन शिक्षक. त्यातला एक प्रशिक्षणाला गेला की चार वर्ग एका माणसावर. बदली झाली की जमलेली घडी मोडते. आमच्या चांगल्या बाई गेल्या तेव्हा पोरं रडली होती.

वरून येणारे निर्णय हा आणखी एक ताप. गणवेशाचं बघा. आधी समितीकडे एका मुलामागे दोन गणवेशांचे ६०० रुपये यायचे, समिती गावातल्याच शिंप्याकडून शिवून घ्यायची. २०२४-२५ला राज्याने ते काम वरून हाती घेतलं, कित्येक शाळांत गणवेश उशिरा पोचले, मापं जमेनात, आणि डिसेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा समित्यांकडे आलं. ज्याला पोराचं माप माहीत आहे त्याच्याच हाती पैसा असावा, असं मला तेव्हापासून ठाम वाटतं. बहुतेक झेडप्यांवर २०२२ पासून कितीतरी काळ प्रशासक होते, निवडून आलेला सदस्य गाठायची सोय नव्हती. त्या काळात गावातली ही समितीच काय ती आमच्या हातात होती.

शिकण्याच्या दर्जाबद्दल बोलताना मी जपून बोलतो. 'असर' या शिक्षणाच्या पाहणीची माणसं घरी येऊन मुलांकडून वाचून घेतात. २०२२ मध्ये देशभरातल्या ग्रामीण भागात पाचवीतल्या ४२.८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. त्यात दोन्ही प्रकारच्या शाळांतली मुलं आहेत. आंध्रात काही वर्षांपूर्वी सोडत काढून खेड्यांतल्या मुलांना खासगी शाळेची फी दिली गेली. चार वर्षांनी बघितलं तर तेलुगू आणि गणितात ती सरकारी शाळेतल्या मुलांच्या पुढे नव्हती. खासगी शाळांचा एका मुलामागचा खर्च मात्र बराच कमी होता, हेही खरं, आणि ते त्यांच्या बाजूने मोजायला हवं. सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट (तिथल्या शाळांचा गट), माढा तालुक्यातलं परितेवाडी, खेडचं जालिंदरनगर ही नावाजलेल्या झेडपी शाळांची नावं आपण अभिमानाने घेतो, पण त्यांच्यावरून आपल्या गावच्या शाळेची परीक्षा करू नये. आपल्या शाळेत सोमवारी अकरा वाजता काय चालतं, हे बघावं.

इंग्रजीचं म्हणाल तर माझी लेक आता शेजारच्या गावच्या अनुदानित हायस्कुलात आहे. माझ्या बहिणीची मुलगी इंग्रजी शाळेत शिकली. पाहुण्यांपुढे ती दोन वाक्यं सराईत बोलते, माझी थांबून बोलते. हा फरक आहे आणि तो मला जाणवतो. पण नवीन पुस्तक हातात घेऊन एकटीने वाचत बसायची सवय लेकीला गावच्या शाळेत लागली. कोरोनाच्या वर्षात व्हॅन बंद होती, तालुक्याच्या शाळेचे तास मोबाइलवर चालायचे आणि वस्तीवर रेंज यायची नाही. आमचे गुरुजी आठवड्यातून तीन दिवस देवळाच्या पारावर पाच-सहा पोरांना बसवायचे. ती वर्षं तिची वाया गेली नाहीत.

तरी मी चुलतभावाला सरळ सांगितलं की दोन गोष्टी असतील तर माझं ऐकू नको. दोनपैकी एक पद रिकामं असेल आणि जूनपर्यंत भरेल असं केंद्रप्रमुख सांगू शकत नसतील, तर मूल चार वर्षं एकशिक्षकी शाळेत अडकवू नये. आणि पट २०च्या खाली घसरलेला असेल, तर आधी विचारून घ्यावं की शाळा पानशेत किंवा तोरणमाळसारख्या समूह शाळेत, म्हणजे आसपासच्या लहान शाळा एकत्र करून केलेल्या शाळेत जाणार आहे का. लहान पोराला रोज बसने नेणं हा वेगळाच संसार आहे. उत्पन्न बसत असेल तर इंग्रजी शाळेतल्या २५ टक्के राखीव जागांचा अर्जही भरून ठेवावा. सरकारी शाळा एक किलोमीटरच्या आत असली तर खासगी शाळेला त्यातून सूट देणारा नियम २०२४ मध्ये आला होता, तो उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केला.

यातलं काही नसेल तर माझा कल गावच्या शाळेकडे आहे. पण नाव घालण्याआधी गुरुजींकडून समितीच्या इतिवृत्ताची वही मागून घे, असं त्याला सांगितलं. सगळ्या सह्या एकाच पेनाच्या, एकाच दिवशी केल्यासारख्या दिसल्या, तर समिती कागदावरच आहे. शाई वेगवेगळी, कुठे अंगठा, कुठे खाडाखोड दिसली, तर तिथे माणसं खरोखर बसतात. तो सोमवारी जाऊन वही बघून आला. मार्चच्या बैठकीला सातच जण होते, म्हणाला. त्यात निळ्या शाईतली एक सही माझ्या बायकोची होती, आणि तिच्या नावापुढे ठराव लिहिला होता: तिसरीतल्या चार मुलांना अजून वजाबाकी येत नाही, पुढच्या बैठकीत पुन्हा बघायचं.