न्हावा शेव्याहून साइटवर पोकलेन: अख्खं न्यावं, काउंटरवेट काढावं की मल्टी-एक्सल लावावा?

मशीन बंदरात उतरायच्या आधीच ट्रेलरवाल्याला फोन जातो आणि पहिला प्रश्न असतो, "साइटपर्यंत किती घेणार?" भाडं महत्त्वाचं आहेच, पण नुसत्या भाड्यावरून ठरवलं की निर्णय बहुधा चुकतो. आधी दोन आकडे हातात हवेत. मशीन गाडीवर चढल्यावर त्याचं सगळ्यात उंच टोक जमिनीपासून किती, आणि गाडी-मशीन मिळून वजन किती. हे कळलं की तीन पर्यायांतला एक तिथल्या तिथे बाद होतो.

उदाहरणाला 35-36 टनी पोकलेन घेतो. खाणीवर, धरणाच्या कामावर, रस्त्याच्या मोठ्या कटिंगला हा आकार सर्रास लागतो आणि खरा पेच याच आकारात पडतो. 20 टनीला फार विचार लागत नाही: रुंदी साधारण 2.8 मीटर, वजन 20-21 टन, लो-बेड (बुटक्या फळीचा ट्रेलर) मागवा, रुंदीची परवानगी काढा, मशीन साइटवर. 80-90 टनी मशीन तर कंपनीच सुटं करून पाठवते. मधल्या आकाराचं मात्र जो तो आपापल्या अंदाजाने नेतो, आणि अडकतो.

अख्खं, लो-बेडवर

यातलं सुख उघड आहे. मशीन स्वतःच्या चेनवर रॅम्प चढतं, साइटवर तसंच उतरतं आणि डिझेल भरलं की कामाला लागतं. क्रेन नको, फिटर नको, दुसरी गाडी नको. ट्रेलरवालाही हेच सुचवतो, कारण त्याची गाडी लवकर मोकळी होते.

आता हिशोब मांडू. 2018 साली केंद्र सरकारने एक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढवली. तीन एक्सलचा पुलर (ओढणारी गाडी) आणि मागे तीन एक्सलचा ट्रेलर अशा जोडीला आता एकूण 55 टनांपर्यंत मुभा आहे. पुलर आणि लो-बेड यांचंच रिकामं वजन 21 ते 23 टन भरतं. उरले 32 ते 34. म्हणजे 36 टनी मशीन अख्खं चढवलं की गाडी कायद्याने ओव्हरलोड झाली. दोन-चार टनांनीच, पण झाली.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 प्रमाणे ओव्हरलोडला 20,000 रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे 2,000 रुपये दंड आहे. माल बाजूला किंवा वर बाहेर आलेला असेल आणि परवानगी नसेल तर त्याचे 20,000 वेगळे. पैशांपेक्षा मोठी अडचण अशी की जादा वजन उतरवल्याशिवाय गाडी पुढे सोडायची नाही, असं कायदाच सांगतो. टोलनाक्याच्या कडेला सहा टनांचं काउंटरवेट (मशीनच्या पाठीमागचं तोलाचं वजन) उतरवायला हायड्रा (छोटी चालती क्रेन) शोधत फिरायचं, त्यापेक्षा ते बंदराजवळ उतरवलेलं बरं.

मापांचंही बघा. या मशीनची रुंदी 3.2 मीटरच्या आसपास असते, नियमात बसते ती 2.6. मशीनची उंची साधारण 3.3 मीटर, खाली लो-बेडची फळी एक मीटर, म्हणजे 4.3. नियम 4 मीटरचा. त्यामुळे ओडीसीची (ओव्हर डायमेन्शनल कार्गो, म्हणजे मापाबाहेरच्या मालाची) परवानगी कुठल्याही पर्यायात चुकत नाही. पण नुसती मापांची परवानगी काढणं आणि वजनाचीही काढणं यात फार फरक आहे. वजन आलं की वाटेतल्या प्रत्येक पुलाचा प्रश्न येतो.

एक गोष्ट आवर्जून तपासा. लो-बेड सांगितल्यावर पुष्कळदा सेमी लो-बेड येतो, त्याची फळी लो-बेडपेक्षा उंच असते. साध्या फ्लॅट ट्रेलरची तर दीड मीटरपर्यंत जाते. गाडी आली की चढवायच्या आधी टेप लावा. मशीन चढल्यावर पुन्हा लावा, आणि तोही केबिनवर लावून थांबू नका. बूमचं (पुढच्या मोठ्या हाताचं) वाकण हेच बहुधा सगळ्यात उंच टोक असतं. कॅटलॉगमधली उंची ठरावीक आर्म आणि चेनच्या ठरावीक पट्ट्यांची असते. जुन्या मशीनला मागच्या मालकाने केबिनवर जाळी बसवलेली असते, फिरता दिवा असतो, बकेटला क्विक कपलर असतो. त्यात वीतभर उंची सहज वाढते.

काउंटरवेट आणि बकेट वेगळी

36 टनीसाठी माझं मत या बाजूला आहे. काउंटरवेट सहा-सात टनांचं, बकेट दीड-दोन टनांची. दोन्ही एका साध्या दहाचाकीवर जातात, त्या गाडीला कुठलीही खास परवानगी लागत नाही. लो-बेडवर उरतं ते 27-28 टनांचं मशीन, आणि एकूण वजन 50 टनांच्या आसपास येतं. वजनाचा प्रश्न मिटला, राहिली फक्त मापं.

खर्च काय वाढला? दुसऱ्या गाडीचं भाडं, दोन्ही टोकांना हायड्रा आणि एक जाणता फिटर. हा आकडा मांडून बघा आणि शेजारी वजनाची परवानगी, पुलांची तपासणी आणि त्यात जाणारे दिवस लिहा. बंदरात किंवा सीएफएसमध्ये (बंदराबाहेरच्या कंटेनर यार्डात) मशीन पडून असलं की ग्राउंड रेंट दिवसागणिक चढतो. फ्लॅट रॅक (छत आणि बाजू नसलेल्या) कंटेनरवर आलं असेल तर मोकळा रॅक परत जाईपर्यंत जहाज कंपनीचं डिटेन्शन, म्हणजे रॅक अडकवल्याचा आकारही चालू राहतो.

काम मात्र रीतीने करावं लागतं. काउंटरवेट काढलेलं मशीन पुढे जड होतं, त्यामुळे आधी काढून मग रॅम्प चढवणं धोक्याचं आहे. मशीन अख्खं चढवा, बूम दुमडून खाली टेकवा आणि गाडी जागेवर उभी असतानाच हायड्राने काउंटरवेट उचलून दुसऱ्या गाडीवर ठेवा. साइटवर उलट क्रमाने, आधी बसवा आणि मग उतरवा. बोल्ट पिशवीत घालून केबिनमध्ये बांधा, दुसऱ्या गाडीत टाकू नका, कारण ती गाडी एक दिवस आधी किंवा नंतर पोहोचते. मोकळ्या भोकांत ग्रीस भरून वर प्लास्टिक बांधा. बसवताना टॉर्क पानाच वापरा. पाइप घालून जोर लावणारा फिटर कितीही जुना असला तरी हे काम त्याच्यावर सोडू नका.

बूमही काढू का, असं विचारलं जातं. उंची किंवा लांबी अगदीच आडवी येत नसेल तर नका काढू. काउंटरवेटला फक्त बोल्ट असतात. बूमला पिना आहेत, सिलिंडर आहेत, हायड्रॉलिक नळ्या आहेत. नळी उघडली की तोंड बंद करायची टोपी, स्वच्छ जागा आणि सावली हवी. आपल्या साइटवर एप्रिल-मे महिन्यांत काय धूळ असते ते सांगायला नको. एक चमचा माती तेलात गेली तर पंप आणि व्हॉल्व्हचं जे नुकसान होतं, त्यात वाहतुकीची सगळी बचत बुडते. 50 टनांच्या पुढे बूम काढणं भाग पडतं, तेव्हा कंपनीचा माणूस बोलवा.

मल्टी-एक्सल हायड्रॉलिक

याला एका ओळीत आठ टायर असतात आणि अशा ओळीला 18 टनांची मुभा आहे. ओळीचं स्वतःचं वजन वजा केलं तर साधारण 14 टन माल. म्हणजे 90 टनी नगाला सात ओळी तरी हव्यात. फळी काही सेंटिमीटर वर-खाली करता येते, चाकं वळवता येतात, वजन सगळ्या ओळींवर सारखं पडतं. ट्रान्सफॉर्मर, बोगदा खोदणाऱ्या टीबीएमची शिल्ड, खाणीचा मोठा क्रशर अशा न उघडणाऱ्या मालाला हाच मार्ग. मुंबईच्या कोस्टल रोडचा 'मावळा' टीबीएम 12.19 मीटर व्यासाचा होता, तोही सुट्या भागांत आणून जागेवरच जोडावा लागला. 36 टनी पोकलेनला मल्टी-एक्सल लावणं म्हणजे पैसे आणि दिवस दोन्ही वाया. क्रॉलर क्रेन घेत असाल तरी घाई करू नका: जाळीचा बूम फ्लॅट ट्रेलरवर, काउंटरवेटच्या लाद्या साध्या गाड्यांवर आणि फक्त मूळ मशीन लो-बेडवर, अशी विभागणी बहुतेक क्रेनना जमते.

हे सगळं जहाज सुटण्याआधी ठरवा

पाठवणाऱ्याला सांगा की काउंटरवेट तिथेच उतरवून त्याच फ्लॅट रॅकवर बांध. त्यांच्या यार्डात क्रेन असते, इथे तुमची हायड्राची एक फेरी वाचते. फक्त असं मशीन इथे रॅम्पवरून चढवायचं नाही, क्रेनने उचलूनच गाडीवर ठेवायचं. पॅकिंग लिस्टमध्ये प्रत्येक नगाचं माप आणि वजन वेगळं लिहून घ्या, म्हणजे कस्टमला सुटे भाग आणि मशीन असा घोळ होत नाही. बांधलेल्या मालाला टेप लावलेले फोटो मागवा.

बंदर निवडायची मुभा असेल तर न्हावा शेवा आणि मुंबई बंदर यांत फरक आहे. न्हावा शेव्याला मुख्यतः कंटेनर येतात, म्हणजे मशीन फ्लॅट रॅकवर. बाहेर पडलं की पळस्पे फाट्यापर्यंत रुंद रस्ता आहे. मुंबई बंदरात रो-रो जहाजं आणि सुटा माल येतो, रो-रोमधून मशीन चालत उतरतं आणि रॅकचं डिटेन्शन लागत नाही. पण तिथून शहरातून बाहेर काढायचं म्हणजे रात्रीची वेळ आणि वाहतूक पोलिसांची परवानगी. पुणे, सातारा, नाशिककडे जायचं असेल तर मी न्हावा शेवाच घेईन.

घाट आणि पुढचा रस्ता

बंदरातून देशावर जाताना भरलेली गाडी घाट चढते, त्यामुळे पुलरची ताकद बघा. बोरघाटात गाडी बसली की मागे तासन् तास रांग लागते आणि पोलीस तुमच्यावर येतात. द्रुतगती मार्गावर ओडीसी नेण्याबाबत रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलीस यांचं म्हणणं आधीच घ्या. नाही म्हणाले तर खोपोली-खंडाळ्याचा जुना रस्ता आहे. 1830 सालचा अमृतांजन पूल एप्रिल 2020 मध्ये पाडल्यापासून घाटातली एक जुनी अडचण गेली, पण वळणं आहेतच.

मराठवाडा-विदर्भासाठी आता कसारा घाट हा एकच रस्ता राहिला नाही. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला. रस्ता उत्तम आहे, पण बोगद्यातून 3.2 मीटर रुंद माल नेण्याचा होकार लेखी असू द्या, तोंडी नको. कोकणात जायचं असेल तर तारीख गणपतीच्या मागे-पुढे येत नाही ना, ते पाहा. त्या दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर जड वाहनांना दरवर्षी बंदी असते.

महामार्ग सोडल्यावरचे शेवटचे दहा-वीस किलोमीटर सगळ्यात जास्त वेळ खातात. गावाची स्वागत कमान, रस्त्यावर लोंबणारी वीज, ओढ्यावरची कुबडी मोरी, ग्रामपंचायतीने घातलेले उंच गतिरोधक. लो-बेडचं पोट तिथे टेकतं आणि गाडी ना पुढे ना मागे. गाडी निघायच्या आठवडाभर आधी मोटारसायकलवरून तो रस्ता फिरून या, टेप आणि काठी घेऊन. तारा खाली असतील तर महावितरणच्या शाखा कार्यालयात अर्ज द्या आणि वीज बंद ठेवायची वेळ ठरवून घ्या. काठीने तार उचलायला क्लीनरला टपावर चढवू नका, या कामात माणसं मेली आहेत. पर्यायी रस्ता नसेल तर पक्क्या रस्त्यालाच मशीन उतरवा आणि पुढचा तुकडा शेतमालकाची परवानगी घेऊन कडेने चेनवर चालवत न्या. डांबरावरून चेन चालवू नका.

कागद

ई-वे बिल (माल वाहतुकीचा जीएसटीचा कागद) करताना वाहनाच्या प्रकारात ओव्हर डायमेन्शनल कार्गो निवडा. साध्या मालाला 200 किलोमीटरमागे एक दिवस मुदत मिळते, ओडीसीला 20 किलोमीटरमागे एक. साधा प्रकार निवडला तर 250 किलोमीटरला दोनच दिवस मिळतात, आणि रात्रीच चालणारी गाडी तेवढ्यात पोहोचत नाही. काउंटरवेटच्या गाडीचं बिल वेगळं, साध्या प्रकारात.

विमा ट्रेलरवाल्याच्या भरवशावर ठेवू नका. मालाची किंमत जाहीर करून जादा दर दिला नसेल तर नुकसानीला वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते. भाडं लाखभर धरलं तर दहा लाख, आणि मशीन त्याच्या कितीतरी पट महाग. ट्रान्झिट विमा स्वतःच्या नावाने काढा, त्यात चढवणं-उतरवणं आणि दुसऱ्या गाडीतलं काउंटरवेट दोन्ही लिहून घ्या, आणि पॉलिसीची प्रत हातात आल्यावरच गाडी बंदराच्या गेटवर लावा.